आपलं चुकलं

शेजारच्या वॉर्डातल्या शैलाचा मला हेवा वाटतो. माझ्यासारखीच इन्चार्ज सिस्टर, पण वयानं बरीच लहान. हे आजवर कुणापाशी बोलले नाही.

काल सकाळी कापूस मागायला तिच्याकडे गेले, तर एक नर्स रडकुंडीला येऊन तिला सांगत होती, "ताई, दुसऱ्याच पेशंटची गोळी मी त्या कोपऱ्यातल्या आजोबांना दिली."

मी दारातच थांबले. खरं सांगते, आता शैलाचा आवाज चढेल म्हणून थांबले. मला तो ऐकायचा होता.

शैला उठली. "आपलं चुकलं गं. चल, आधी आजोबांना बघू, डॉक्टरांना बोलावू. रडायचं मग, दोघी मिळून रडू."

ती पोरगी रडता रडता हसली.

आपलं! गोळी देताना शैला तिथे नव्हतीसुद्धा. माझ्या तोंडी कायम 'तुझं'. तुझं चुकलं, तुझं लक्ष कुठंय. माझ्या वॉर्डात चुका होत नाहीत, असं मी अभिमानानं सांगत आले. होतच असणार, फक्त माझ्यापर्यंत येत नाहीत. मग त्या कुठल्या पेशंटच्या अंगावर निघत असतील? आणि तरीही, लाज वाटते सांगायला, त्या क्षणी शैलाचा रागच जास्त आला.

परत येऊन आमच्या नर्सला जमेल तितक्या मऊ आवाजात म्हटलं, "अगं, आपलं सलाईन संपत आलंय बघ."

ती दचकून उभी राहिली. "सॉरी मॅडम, परत नाही होणार."