तालमीतले अकरा फोटो

नोकरीतले कित्येक दरोडे मी विसरलो, पण तालमीतल्या फोटोंची चोरी अजून डोळ्यांसमोर आहे. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती आणि मी मेहकर तालुक्यात नवा फौजदार होतो.

एका सकाळी साठीचे एक वस्ताद ठाण्यात आले, मागे वीस-पंचवीस पहिलवान. त्यांच्या तालमीत ऑलिंपिकच्या खेळाडूंचे अकरा जुने फोटो होते. एका इंग्रज साहेबाने देश सोडताना दिलेले. थाळीफेक करणारा, वजन उचलणारा, एकमेकांना भिडलेले मल्ल. पाठ कशी कमवावी, मांडी कशी भरावी, हे वस्ताद रोज त्या फोटोंपुढे उभं राहून शिकवत. आदल्या दिवशी सगळे साखरखेर्ड्याच्या बाजाराला गेले आणि इकडे फोटो गेले.

"शेजारच्या गावाचंच काम हाय हे," वस्ताद म्हणाले. "चार दिवसांवर कुस्त्या आल्या. आमची हिंमत मोडाले नेले त्याईनं."

दोन्ही गावांत लाठ्या बाहेर निघाल्या होत्या. कुस्त्यांच्या दिवशी डोकी फुटणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी गुन्हा नोंदवून पंचनाम्याला गेलो. चौकटी भिंतीवरच होत्या. काचा काढून ओळीने टेकवलेल्या, एकही तडकलेली नाही. आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, दुश्मनानं काचा जपल्या असत्या का?" मी त्यांचं म्हणणं कागदावर घेतलं, मनावर घेतलं नाही.

शेजारच्या गावच्या मुख्य पहिलवानाला ठाण्यात आणलं. दिवसभर तेच तेच प्रश्न विचारले. शेवटी तो उसळला, "मले त्याईच्या गड्याची पाठ मातीले लावाची हाय, साहेब! फोटो नेऊन मी काय करू?"

लपवणाऱ्या माणसाचे पाय एका जागी राहत नाहीत. ह्याचे पाय रोवल्यासारखे होते. त्याला सोडून दिलं आणि माझी पाटी पुन्हा कोरीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावोगाव बांगड्या विकणारी एक कासारीण हवालदारांकडे आली. शेजारच्या गावच्या मूर्तिकाराच्या बायकोला बांगड्या भरायला ती गेली होती. "भाऊ, त्याच्या घरात भिंतभर उघड्या अंगाचे गोरे मानसं लावेल हायेत. मले पाहून त्यानं दरवाजाच लोटला!"

मी उडी मारूनच जीपमध्ये बसलो. मूर्तिकार काटकुळा, हात सिमेंटने माखलेले. मी विचारलं, "फोटो काऊन नेले?" त्याने आतलं दार उघडलं.

आत उड्डाणाला निघालेला मारुती उभा होता, माझ्या दीडपट उंच. दंड वजन उचलणाऱ्याचे, कंबर थाळीफेक्याची.

"दोनदा मागाले गेलो होतो, साहेब. दुसऱ्या गावचा म्हणून वस्तादानं हाकललं. आमचे पहिलवान तर धा मिनिटं उभे राह्यत नाहीत. फोटोतले हालत नाहीत. काम झालं की नेऊन देणार होतो."

मुद्देमाल ओळखायला वस्तादांना बोलावलं. ते आले, त्यांच्यामागे लाठ्या घेतलेलं सगळं गाव आलं. समोर दुसरं गाव जमलं. मी शिपायांना दारात उभं केलं. वस्तादांनी फोटो मोजले, मग मूर्तीभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. त्यांनी वाकून मारुतीच्या पायावर हात ठेवला.

"पोटरी चुकली बे तुही."

मूर्तिकार वाकून पोटरी पाहू लागला.

"सारा भार ह्या पायावर हाय. गोळा वर चढाले पाह्यजे." असं म्हणून त्या साठीच्या माणसाने धोतर गुडघ्यावर खोचलं, एका पायावर भार टाकला आणि दोन्ही हात उचलले. दगडासारखी पोटरी टरारून वर आली. "आता पाह्य नीट. आन् कर!"

दारा-खिडक्यांतून पाहणारी दोन्ही गावं एकदम ओरडली. लाठ्या कधी खाली गेल्या, मला कळलंच नाही.

पुढे कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली. कुस्त्याही रंगल्या. तेव्हापासून कुठल्याही चोरीत, वैर कोणाचं हे शोधण्याआधी ही वस्तू कोणाच्या कामाची, हे मी विचारू लागलो. त्या पहिलवानाला मात्र मी विनाकारण दिवसभर बाकावर बसवलं होतं. त्याची माफी मागायला हवी होती. वर्दीच्या तोऱ्यात ते राहून गेलं.