जास्त उजळ ठिपका

माझ्या धाकट्या दिराला कामावर सगळे ‘नेमबाज’ म्हणतात. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते खरी, पण लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, म्हणून लिहिताना ‘तो’च येतं. अंगाने किरकोळ, बोलायला मऊ. घराची कडी लावली तरी दोनदा ओढून बघणारा. पण आकाशातला ठिपका कॅमेऱ्यात पकडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

त्याचं काम त्याने मला एकदा मटार सोलता सोलता समजावलं. अंतराळयान परत येताना हवेत शिरतं, तेव्हा तापून पेटल्यासारखं दिसतं. तेवढा वेळ यानाशी बोलणं बंद पडतं, जमिनीवरून दिसेल तेच खरं. पडद्यावर ठिपका दिसला की त्यावर चौकट बसवायची, मग कॅमेरा आपणहून त्याच्यामागे मान वळवतो.

“म्हणजे मी शाळेत शिकवताना शेवटच्या बाकावर नजर ठेवायचे तसं,” मी म्हटलं.

“तसंच. पण तुमचा बाक एका जागी असायचा, वहिनी.”

अडचण एकच. माणसं बसलेल्या कुपीबरोबर तिचा टाकून दिलेला इंजिनाचा भागही येतो. ठिपके दोन दिसतात. टाकलेला भाग कोलांट्या खात येतो म्हणून लुकलुकतो, कुपी एकसारखी तेवते. तेव्हा लुकलुक कळेपर्यंत थांबायचं, मग चौकट बसवायची.

त्या पहाटे तो थांबला नाही. जास्त उजळ दिसला त्या ठिपक्यावर त्याने चौकट बसवली.

“दादा, जरा थांबू या ना,” शेजारी बसलेली सहकारी म्हणाली.

“अगं, दिसतंय की स्वच्छ.”

तेच चित्र केंद्रातल्या पाहुण्यांच्या दालनात दिसत होतं, आणि तिथे यानातल्या माणसांचे घरचे बसले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत ठिपका फुटला. तुकडे झाले. कॅमेरा इमानेइतबारे त्यातल्या मोठ्या तुकड्यामागे जात राहिला. दुसऱ्या केंद्राला कुपीचं पॅराशूट दिसलं तोवर दालनात रडारड झाली होती. यानातली माणसं सुखरूप उतरली.

कॅन्टीनमध्ये थट्टा झाली. “नेमबाज, भंगार झकास टिपलंत.” तोही हसला. साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं, उजेड जास्त असला की कॅमेरा कधीकधी घसरतो. तसा तो घसरतोही, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. माझा दीर तिथेच उभा होता. घरी आला तो जेवला नाही. मी पोटाचं विचारत बसले, आणि तो माझ्याकडे बघेना.

पुढच्या आठवड्यात यानातल्या एकाची आई केंद्रावर आली, सगळ्यांचे आभार मानायला. कॅमेरा दाखवायला साहेबांनी नेमकं यालाच पाठवलं. बाईंनी कॅमेऱ्याच्या आवरणावर हात ठेवला.

“यंत्रावर काय रागवायचं?” त्या म्हणाल्या.

“यंत्र नव्हतं, आई. मीच चुकीचा ठिपका धरला. थांबायला हवं होतं.”

“मग का नाही थांबलात?”

“माझा नेम चुकत नाही, असं वाटायचं.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याने मला नंतर सांगितलं. त्या बाजूच्या स्टुलावर बसल्या.

“ते तुकडे दिसले ना, तेव्हा मी सुनेला म्हणाले, तूच त्याला जाऊ दिलंस. सगळ्यांसमोर. तेव्हापासून ती माझ्याशी नीट वागते, अगदी नीट. पण बसत नाही माझ्याजवळ.”

“मी येऊन सांगतो त्यांना. चूक माझी होती.”

“तुमची चूक चित्राची. ते शब्द कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते.”

बाई उठल्या, पदर सारखा केला, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“तरी याल का? विषय काढायला मला एकटीला जमत नाहीये.”

साहेबांना न विचारता तो त्यांच्याबरोबर गेला.