सुरभीचा डावा कान

जितेश मोकल रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. दर अर्ध्या तासाने तापमान बघायचं आणि लॉगबुकात लिहायचं, हे त्याचं काम. तो नवीन लागला त्या वर्षी शिफ्टमधल्या एकाने जागेवरून न उठता अंदाजाने आकडा लिहिला. तासाभरात गरम माल उडाला आणि एका हेल्परचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याला ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना जितेशने धरलं होतं. तेव्हापासून खोटेपणा त्याला सहन होईना. भाजीवाल्याने ताजी म्हणून शिळी मेथी दिली तरी तो परत जाऊन भांडायचा.

रोह्यात तो, बायको वैशाली आणि दहा वर्षांची मुलगी सुरभी असे तिघं राहतात. सुरभीला वळण लावायची जितेशची एक पद्धत होती आणि तिचा त्याला अभिमान होता. कपाटावर एक लाकडी पट्टी ठेवलेली असायची. रागात असताना मारायचं नाही, तोंडावर मारायचं नाही. आधी चूक काय ते सांगायचं, मग तळहातावर दोन पट्ट्या, की विषय संपला. त्यानंतर तो स्वतः तिला जवळ घेऊन बसायचा.

वैशालीला हे आवडत नसे. एकदा ती म्हणाली, "सांगून कळतं तिला. मारायला कशाला पाह्यजे?"

"मी काय जनावरासारखा मारतो का? बाबांनी मला फोकाने सोलून काढला, म्हणून आज कंपनीत हाय. नायतर बसलो असतो गावात, गडबला."

शेजारचा ताजुद्दीन त्याच्याच शिफ्टला होता. त्याची मुलगी माहिरा ही सुरभीची मैत्रीण. कॅन्टीनमध्ये विषय निघाला तेव्हा ताजुद्दीन म्हणाला की तो माहिरावर हात उचलत नाही.

"मग ऐकते ती?" जितेशने विचारलं.

"कधी ऐकते, कधी नाय ऐकत."

टेबलावरचे सगळे हसले. जितेशला वाटलं, आपलंच बरोबर.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. जितेश पहिली शिफ्ट करून घरी आला आणि क्लासच्या बाईंचा मेसेज वाचला. सुरभी तीन दिवस क्लासला आलेली नव्हती. साडेपाचला ती दप्तर घेऊन नेहमीसारखी घरात शिरली.

"कुठून आलीस?"

"क्लासवरून."

"आज काय शिकवलं?"

"भागाकार."

त्याने मोबाईल तिच्यासमोर धरला. "परत विचारतो. कुठं होतीस?"

तिने स्क्रीनकडे पाहिलं. चेहरा उतरला, तरी ती म्हणाली, "क्लासला. बाईंनी चुकून लिहिलंय."

पुढचं फार पटकन झालं. पट्टी कपाटावरच राहिली. जितेशचा हात उठला आणि सगळ्या ताकदीनिशी तिच्या डाव्या कानावर बसला. सुरभी दाराच्या चौकटीवर आदळली. ती रडली नाही, कान धरून खाली बसली आणि डोळे मिटून घेतले. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातली कणीक तशीच होती.

ताजुद्दीनच्या गच्चीत टाकीमागे मांजरीला चार पिल्लं झाली होती. तीन दिवस सुरभी तिथे बसत होती. हे वैशालीला रात्री माहिराच्या आईकडून, अमीनाकडून कळलं.

सकाळी सुरभीच्या उशीवर रक्ताचा लहानसा डाग होता. कानात सारखी शिट्टी वाजते म्हणाली. रोह्यातल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि पेणच्या कानाच्या डॉक्टरबाईंकडे चिठ्ठी दिली. तिघंही एसटीने निघाली. नागोठणं गेलं, जितेशचं गाव गडब गेलं. सुरभी खिडकीशी बसली होती. वैशालीने एकदा विचारलं, "दुखतंय का गो बाय?" उत्तर आलं नाही. वैशाली तिच्या डाव्या बाजूला होती.

पेणच्या रामवाडीतल्या त्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासायच्या आधी विचारलं, "कसं लागलं?"

जितेशने खिशातून रोह्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. वैशालीने पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.

"मी बाथरूममध्ये पडले," सुरभी म्हणाली. "साबण होता खाली. पाय सरकला आणि बादलीवर कान आपटला. निळ्या बादलीवर."

तिचा आवाज स्वच्छ होता. डॉक्टरबाईंकडे थेट बघत ती बोलली. आदल्या दिवशी क्लासचं खोटं सांगताना तिचा चेहरा उतरला होता. हे खोटं तिने रात्रभर जुळवून आणलेलं असावं. घरात बादली निळीच होती.

डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून कान पाहिला. "पडद्याला छिद्र पडलंय. वय लहान आहे, दीड-दोन महिन्यांत बहुतेक आपोआप भरेल. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही." मग त्या जितेशकडे वळल्या. "जोरात चापट बसली तरी असंच होतं."

जितेश खाली बघत राहिला. बाईंनी पेन उचललं आणि केसपेपरवर कारणापुढे 'घरी पडल्याने' असं लिहिलं. तो कागद घेऊन जितेश बाहेर आला.

परतताना वैशाली गडबला उतरू म्हणाली. तिला एवढ्यात घरी जायचं नव्हतं. जितेशचे वडील काळुराम अंगणात वाल सोलत बसले होते. नातीला पाहून त्यांनी हाक मारली, "सुरभी, हिकडं ये, शेंगा सोलायला." ती पाठमोरी होती, वळली नाही. त्यांनी दोनदा हाक मारली.

"काय रे, हिला ऐकू येत नाय का?"

वैशालीने सुरभीला आत नेलं. जितेश वडिलांशेजारी बसला. एक शेंग उचलली, ती सोलता सोलता म्हणाला, "मी मारली. कानाखाली."

काळुरामांचे हात थांबले.

"खोटं बोलत होती, बाबा. तोंडावर खोटं. तुम्ही मला मारलंत म्हणून मी सरळ निघालो. मी पण तेच केलं."

"मारल्यानं तू सरळ निघालास?" म्हातारा त्याच्याकडे बघत म्हणाला. "तू मना काय सांगायचासच नाय, जितेश. धावीचा निकाल लागला, मना दुकानदारानं सांगितलं, तुझा पोरगा पास झाला. कंपनीत लागलास ते तुझ्या मामाकडून कळलं. आई गेली तेव्हा तू कुठं रडलास, मना ठावं नाय. मी म्हणायचो, पोरगा शहाणा हाय, कमी बोलतो."

जितेशने हातातली शेंग खाली ठेवली.

"फोक चिंचेचा होता," काळुराम म्हणाले. "मीच तोडून आणायचो. मना पण माझ्या बापानं मारला. कोणी इचारलं नाय, का मारतोस." त्यांनी पुन्हा शेंग उचलली. "जा, तिला बघ."

पण जितेश आत गेला नाही. दारातूनच त्याने वैशालीला सांगितलं, "मी पेणला जाऊन येतो." हायवेवर येऊन त्याने हात केला आणि एका टेम्पोत बसला.

दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. डॉक्टरबाई पर्स घेऊन उठत होत्या. जितेशने केसपेपर टेबलावर ठेवला.

"हे चुकीचं लिहिलंय मॅडम. ती पडली नाय. मी मारलंय."

बाई परत बसल्या. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही, आणि याचीच जितेशला जास्त लाज वाटली. त्यांनी जुनी ओळ खोडून नवी लिहिली. मग विचारलं, "याआधी?"

"हातावर. पट्टीने. आठवड्यातून एखाद्या वेळी."

"पुढच्या तपासणीला मला मुलीशी आणि तिच्या आईशी वेगळं बोलायचंय. तुम्ही बाहेर बसायचं. आणि परत असं काही दिसलं तर मी गप्प राहणार नाही. पुढे कळवणं माझं काम आहे."

"व्हय मॅडम."

त्याला वाटलं होतं, खरं बोलल्यावर मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

तो गडबला पोचला तेव्हा सुरभी ओट्यावर बसली होती. तो तिच्या उजव्या बाजूला बसला.

"मी डॉक्टरबाईंना सांगून आलो. मी मारलं म्हणून."

ती घाबरली. "मग तुम्हाला पोलीस नेणार?"

"नाय."

"मी खोटं बोलले ते त्यांना कळलं?"

"कळलं."

सुरभी त्याच्याकडे वळून बसली. मग तिने उजवा हात पुढे केला. तळवा वर, बोटं ताठ, आणि मान दुसरीकडे वळवलेली.

जितेशला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याने तो हात दोन्ही हातांत धरला. हात सोडवून घ्यावा की नाही, हे तिला कळत नव्हतं. ती दोन पट्ट्यांची वाट बघत होती.

आतून वैशालीने ते पाहिलं. घरी आल्यावर ती त्याला म्हणाली, "एकट्यावर नका घेऊ. मी पण दवाखान्यात गप्प बसले. घरी तर मी नेहमीच गप्प बसलेय." त्याच रात्री तिने पट्टी मोडली आणि दुसऱ्या दिवशी चुलीत घालायला अमीनाकडे दिली.

मार्चअखेरीस कानाचं छिद्र भरलं. शिट्टीही थांबली. मधल्या तपासणीत डॉक्टरबाई सुरभीशी आणि वैशालीशी वेगळं वीस मिनिटं बोलल्या. काय बोलल्या, ते जितेशने विचारलं नाही आणि कोणी त्याला सांगितलं नाही. त्याने परत हात उचललेला नाही. दोनदा राग आला, तेव्हा चप्पल घालून कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत चालत गेला.

आता त्याला वेगळीच भीती वाटते. सुरभी त्याचं सगळं ऐकते. शाळेत काय झालं विचारलं की "काय नाय, पप्पा" म्हणते. माहिराच्या घरी जायचं असेल तर त्याला नाही, आईला विचारते. मांजरीची पिल्लं कुठे गेली, हे त्याला ताजुद्दीनकडून कळलं.

जूनमध्ये एकदा तो रात्रपाळी करून दुपारी पडला होता. डोळा लागतच होता, तेवढ्यात दारात कोणी उभं असल्याचं जाणवलं. सुरभी होती.

"पप्पा, माझा कंपास हरवला. नवीन होता."

तो उठून बसला. "कुठे?"

"माहीत नाय. मी शाळेत शोधला."

"बरं. संध्याकाळी दुसरा आणू."

ती गेली नाही. चौकटीला टेकून, उजवा तळवा अर्धवट पुढे धरून त्याच्याकडे बघत उभी राहिली, अजून काहीतरी बाकी असल्यासारखी.