चुन्याचा पेला आणि माझ्या दोन चाली

विहीणबाईंनी चुन्याचा पेला तोंडाजवळ नेला, तेव्हा माझ्या दोनच चाली राहिल्या होत्या.

पेल्यात आंबील नसून चुना आहे, हे त्या क्षणी सगळ्या रानात फक्त मला कळलं होतं. आणि कळूनही मी आधी एक चाल खेळले. खोटं कशाला बोलू? जांभळाशेजारी जांभूळ आलं होतं, तिसरं वरून सरकवायचं तेवढं बाकी होतं. ते सरकवलं आणि मग ओरडले, "विहीणबाई, पिऊ नका, चुना हाय!"

"काय हाय?" म्हणत त्यांनी पेला आणखी जवळ नेला.

मी पंगतीवरून उडी मारली (माझ्या गुडघ्यांना ही बातमी दुसऱ्या दिवशी कळली) आणि पेल्याला फटका दिला. पेला गेला वैरणीत. चुना गेला विहीणबाईंच्या कोऱ्या इरकलीवर, पार पदरापासून निऱ्यांपर्यंत.

त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "आंबील द्यायची नव्हती तर न्हाय म्हणायचं. अंघूळ कशाला घातली?"

दिवस येळवसचा होता, म्हणजे वेळ अमावस्येचा. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रं राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, त्यांना चुना द्यायचा, पूजा करायची, पुकारा करत पिकाभोवती आंबील शिंपडायची आणि मग पंगत. पंगतीत आंबील हवीच. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं, मिरची, रात्रभर आंबवलेलं. धाकट्या सुनेची, वैशालीची, लग्नानंतरची ही पहिली येळवस. तिची आई तामलवाडीहून खास आली होती, कारण मीच फोनवर म्हटलं होतं, "आमच्या हातची आंबील पिऊन बघा, मग तुमची विसराल."

आता त्या खेळाचं सांगते. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर बसल्या जागी करमावं म्हणून धाकट्यानं तो मोबाईलवर घालून दिला. तीन सारखी फळं एका ओळीत आणली की ती फुटतात. एवढंच. पहिल्या दिवशी मी म्हटलं, हे कसलं खूळ. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं. तिसऱ्या दिवशी दूध जळून पातेल्याला बूड राहिलं नाही.

लोक विचारतात, त्यात एवढं काय आहे? त्यात हे आहे की तो खेळ माणसाला नीट हरवत नाही. एकच जांभूळ कमी पडलं, एकच चाल राहिली होती, असं दाखवतो. बांगड्यावाला उठता उठता "एवढा एकच नमुना बघा" म्हणतो ना, तसं. आणि जिंकलं की "वा, वा" म्हणून फुलं उधळतो. पन्नास वर्षं मी या घरात भाकरी थापल्या, कुणी एकदा "वा" म्हटलं नाही. मीठ कमी पडलं तर मात्र तिघं बोलतात.

तर त्या सकाळी सगळे पुढं रानात गेले. मागून ट्रॅक्टरनं दोन मडकी न्यायचं काम माझ्याकडं. दोन्ही मडकी एकाच कुंभाराची, एकाच मापाची. वैशालीनं जाताना बजावलं होतं, "आत्या, आंबिलीला लाल फडकं बांधा, चुन्याला पांढरं. ध्यान हाय ना?"

"व्हय व्हय," मी म्हटलं. वर बघितलं नाही.

दोन्ही फडकी मी घट्ट बांधली. गाठी अजून आठवतात, पक्क्या होत्या. मडक्यांची तेवढी अदलाबदल झाली.

पुढचं आपोआप झालं. आमच्या मालकांना सर्दी होती. त्यांनी पांढऱ्या फडक्याचं मडकं सोडलं, कुंचा बुडवला आणि पाची पांडवांना भक्तिभावानं आंबील फासली. पूजा झाली. लाल फडक्याच्या मडक्यातला चुना त्यांनी सगळ्या ज्वारीभोवती "वलगे, वलगे" म्हणत शिंपडला. नैवेद्यही त्याचाच दाखवला. देव काही बोलला नाही. पंगत बसली, लेकानं पहिला पेला मानानं विहीणबाईंना दिला. मी शेवटच्या पानावर, मांडीत मोबाईल.

तेवढ्यात कोपीतून मालकांचा आवाज आला. "आगं, पांडवांना मुंग्या लागल्यात."

पंगत हसली.

"खरंच. आन् धर्मराजाच्या कपाळाला मिरची चिकटलीया."

पंगत आणखी हसली. मला मात्र गाठी आठवल्या. त्यापुढचं तुम्हाला माहीत आहे.

खऱ्या मडक्यात आंबील उरली होती, पण तिच्यात कुंचा बुडला होता. वीस माणसं कोरड्या घशानं बसलेली. येळवसला कुणीही कुणाच्या रानात जेवतं, त्याला लाज नसते. पण शेजारचं रान थोरल्या जाऊबाईंचं. त्यांची आंबील इतकी पातळ की तिच्यात माशी पडली तरी पोहून घरी जाते, असं मी चाळीस वर्षं गावभर सांगितलेलं.

गेलो. विहीणबाई तीन पेले प्यायल्या. मिशी पुसावी तसं तोंड पुसून म्हणाल्या, "अशी आंबील म्या जल्मात पिली न्हाय."

"घ्या की अजून," जाऊबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या. "आमच्यात आंबील पिठाचीच करत्यात."

मी चौथा पेला मागितला. चांगली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

परत आल्यावर वैशालीनं नुसता हात पुढं केला. "आत्या, द्या." मी मोबाईल दिला. सासूपणात असला दिवस येईल असं वाटलं नव्हतं.

एवढ्या सगळ्यात दगावलं कुणी नाही. पांडव धुऊन पुन्हा रंगवले. विहीणबाई धडधाकट आहेत, त्यांची इरकल तेवढी गेली. आणि ज्या बाईच्या हातून हे घडलं ती काही कॉलेजातली पोर नव्हती. ती मी. वय एकाहत्तर, शाळा चौथी, तीन सुनांची सासू, आणि जेवताना मोबाईल बघणाऱ्या नातवंडांच्या पाठीत धपाटा घालणारी घरातली एकुलती एक बाई.