स्क्रूवरचे लाल ठिपके
मुलगी नेलपॉलिश लावत बसली की त्या वासासरशी मला बालाघाटचं ते दुरुस्तीचं दुकान आठवतं. माझ्या पहिल्या लॅपटॉपची बॅटरी टिकेना, म्हणून तिथे दिला. पण कारागीर आतले चांगले पार्ट गुपचूप बदलतात असं ऐकलेलं, तेव्हा देण्याआधी बायकोच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका खालच्या स्क्रूंवर ठेवला. परत आणला, तर घरी लाइट गेली की लॅपटॉप रांगायला लागे. ठिपके जागच्या जागी होते, त्यानेच माझा संशय दुणावला: कारागिराने आतलं बदलून वर नवे ठिपके लावले असतील! तडक दुकान गाठलं. “इथं पळते अन् घरी काहून रांगते? प्रोसेसर बदलला का तुवं?” त्याने शांतपणे चार्जरची वायर काढली आणि एक सेटिंग उघडून दाखवली. “भाऊ, तुमच्या इकडे लाइट लई जाते, म्हणून बॅटरीवर स्पीड मीच कमी ठेवली. तासभर जास्त चालते. खोललाच नाही मी.” मग लॅपटॉप उलटा करून त्याने ते ठिपके पाहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. थिनरमध्ये कापूस बुडवून एकेक पुसला आणि म्हणाला, “काही तरी लागलं होतं.” माझी मान वर होईना. तरीही काल मोबाइल दुरुस्तीला देण्याआधी मी मुलीकडे तिची बाटली मागितलीच.