टोपलीचा वास

बायको गेल्यापासून पडवीत धूळ खात पडलेली स्कूटर काल मी सुरू केली. जुनं पेट्रोल काढलं, प्लग घासला, गाडी कलंडवून किक मारल्या. धुराचा वास आला आणि बायको डोळ्यांसमोर उभी राहिली.

तेव्हा स्कूटर नवी होती. ती डोक्यावर मासळीची टोपली घेऊन म्हणाली, "माका बाजारापर्यंत सोडशात?"

"सीटाक वास लागतलो. चलत जा."

"जेवताना बरो लागता तो वास?" ती हसली आणि चालत निघाली.

मागाहून मी त्याच रस्त्याने निघालो. ती दिसताच हॉर्न वाजवला. टोपली सांभाळत ती गटारात उतरली, मला वाट दिली. मी थांबलो नाही. लाज सोडाच, तेव्हा मला ऐट वाटली होती.