पांढरं म्हंजी मेलं न्हाई

पाण्यात उतरण्याआधी ते ओंजळभर समुद्र उचलत, बघत आणि सोडून देत. "एवढं पानी, अन् घोटभर कामाचं न्हाई," म्हणत आणि उडी मारत. माणूस दुष्काळी गेवराईकडच्या चकलांब्याचा, आणि काम लक्षद्वीपच्या समुद्रात प्रवाळ मोजायचं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मी रत्नागिरीचा, त्यांचा पाण्याखालचा जोडीदार. खाली एकट्याने जायचं नसतं, म्हणून जोडीदार.

तळाशी लांब टेप अंथरायची आणि दर अर्ध्या मीटरला खाली काय आहे ते पाटीवर लिहायचं. कोणतं प्रवाळ, जिवंत की मेलेलं. मी अंदाजाने लिहिलं की ते माझ्या पाटीवरचं पुसून टाकत. वर आल्यावर म्हणत, "डोळ्यानं बघ बे, मनानं न्हाई."

एका उन्हाळ्यात समुद्र तापला आणि सगळा तळ चुन्यासारखा पांढरा पडला. मी ओळीने 'मेलं' लिहीत गेलो. त्यांनी सगळं पुसलं.

"पांढरं म्हंजी मेलं न्हाई," होडीत ते म्हणाले. "जनावर हाय ते. त्याच्या अंगातलं शेवाळ त्याला खाऊ घालतं. तापलं की ते शेवाळ निघून जातं. आता उपाशी हाय. पानी लवकर निवलं तर वाचंल."

त्याच उन्हाळ्यात चकलांब्यात पाणी नव्हतं. त्यांची आई दोन म्हशी घेऊन चारा छावणीत राहत होती. तिचा फोन यायचा.

"कावून येत न्हाईस रे?"

"माय, हितं बी छावणीच हाय."

"मंग त्यांना चारा कोन देतंय?"

सर फोन कानाला तसाच धरून बसले.

पाणी निवलं नाही. पांढऱ्यावर दुसरंच मळकट हिरवं शेवाळ चढू लागलं; ते प्रवाळ मेल्यावरच चढतं. टेपच्या अगदी टोकाला खोलीएवढं एक जुनं प्रवाळ होतं. त्याच्यावर तळहाताएवढा जिवंत तपकिरी रंग उरला होता. सर रोज आधी तिकडे बघायचे. एके दिवशी दोनदा उतरून झालं, तरी ते तिसऱ्यांदा निघाले.

"सर, नियमात बसत नाही. मी येणार नाही."

"तू नको येऊ. मी बघून येतो."

गेले. हवा संपत आली तेव्हा थांबत थांबत यायचं सोडून घाईने वर आले, आणि रक्तात वायूचे बुडबुडे धरले. आम्ही त्यांना होडीत ओढलं, तर पाय हलत नव्हते. मी रडत होतो, आणि ते सांगत होते, "हाय. आजून हाय."

पुढच्या वर्षी मी चकलांब्याला गेलो. सर गावच्या दूध सोसायटीत नोंदी ठेवत होते. खुर्चीशेजारी कुबड्या. त्याही साली पाऊस नव्हता. भिंतीकडेला रिकामे कॅन पालथे घातलेले होते. चहा आला. माझ्या घरच्यांची चौकशी झाली. मग हात पुढे करून म्हणाले, "यंदाच्या मोजणीची शीट आन."

एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं. "मेलं. मेलं. वाळू. मेलं." दूध घेऊन आलेली बाई दारातच थांबली. शेवटच्या ओळीवर, टोकाच्या त्या जुन्या प्रवाळापाशी, बोट अडलं.

"हितं कावून कोरं?"

"माझ्याच्यानं लिहवलं नाही, सर."

त्यांनी मग खिशातलं पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागेत स्वतःच्या हाताने तोच शब्द लिहिला.